तुमचं ऊन वाया जातंय

पुण्यात खोली भाड्याने घेण्याआधी माणसाने बऱ्याच गोष्टी विचारून घ्याव्यात. मीही घेतल्या होत्या. पाणी कधी येतं, गाडी कुठे लावायची, घरची माणसं दोन दिवस राहायला आली तर चालतील का. पण खोलीत येणारं ऊन नक्की कोणाचं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. अमरावतीच्या माणसाला ते सुचणारही नाही. आमच्याकडे ऊन कोणाला हवं असतं बाप्पा? फुकट दिलं तरी लोक सावलीत पळतात.

नारायण पेठेतल्या त्या घरात राहायला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले असतील. दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात घरमालक उभे. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, ताठ. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, ह्यांच्या खिशात थर्मामीटर.

"अहो अमरावती," ते म्हणाले, "दुपारी आपण घरी असता का?"

"नाही. लॅबमध्ये असते. का हो काका?"

"म्हणजे तुमचं ऊन वाया जातंय."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण ते सरळ गॅलरीत गेले, माझे ओले कपडे दोन बोटांनी बाजूला सारले आणि पश्चिमेकडे बघत म्हणाले, "एक वाजल्यापासून पार पाचपर्यंत. चार तास! आणि आपण त्यात पंजाबी ड्रेस वाळवता."

"मग काय करू उन्हाचं?"

"मला द्या. इथे मी एक खोकं उभं करणार आहे. गॅलरी जाईल तुमची."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, भाडं मी देते, गॅलरीसकट देते. त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "करारात गॅलरी आहे. ऊन नाही. वाचून बघा."

"मग वाराही नसेल!"

"नाहीच आहे. पण तो मी तुम्हाला वापरू देतो."

असे आमचे काका. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर ते पहिल्यांदा शुद्धलेखन तपासतील. मलाही त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी कायम 'अमरावती'. माणूस असो की वस्तू, तिचं मूळ गाव कळल्याशिवाय काकांना तिच्याशी बोलताच येत नसे. भंगारात एखादी कडी दिसली की ती उचलून, फिरवून बघत ते विचारायचे, "हिचं माहेर कुठलं?" भंगारवाल्याला त्याची सवय झाली होती. तो मुकाट्याने सांगायचा, "शाळेचं बाक होतं, काका." मग ती कडी त्यांच्या घरी नांदायला यायची. माझ्या न्हाणीघराला लागलेली कडी तीच. स्वयंपाकघरातली फळी एका बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या खुर्चीची होती. दारावरची घंटा त्या तंत्रनिकेतनातली होती जिथे काकांनी आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलं. तास संपल्याची घंटा. दूधवाला आला की सगळ्या इमारतीला सुटका झाल्यासारखं वाटे.

दुसरी खोड म्हणजे मोजणं. "आज फार गारठा आहे" असं म्हणायची सोय नव्हती. लगेच, "मोजलात?" भाजी तिखट झाली म्हटलं की, "कशापेक्षा?" लॅबमध्ये दिवसभर मीही मोजमापच करते, पण घरी आल्यावर चहा गरम आहे हे सांगायला मला पुरावा लागत नाही. काकू मात्र त्यांना पुरून उरायच्या. "माझे गुडघे मोजतात," त्या म्हणायच्या. "त्यांना तुमची नळी लागत नाही."

आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते. त्या गुडघ्यांपासून, आणि त्याहून जास्त काकूंच्या बोटांपासून.

काकूंना सांधेवात होता. एके काळी गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या अंगात काकूंनी विणलेला स्वेटर असायचा म्हणे. मी त्यांना पाहिलं तेव्हा थंडीत सकाळी त्यांची बोटं मिटायची ती उघडायलाच तयार नसायची. कप धरायचा तर दोन्ही तळव्यांत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उबेत राहा, उन्हात बसा. पण ऊन होतं कुठे? पूर्वेला शेजारची इमारत खेटून उभी. दक्षिणेला पूर्वी बैठी घरं होती, तिथे आता अकरा मजली इमारत झाली होती. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून तरी जातो, हिवाळ्यात तो त्या इमारतीमागे दडून बसायचा. काकूंची खोली थंडीत माठासारखी गार असायची. दोन इमारतींच्या फटीतून दुपारी जे काय ऊन उरायचं, ते नेमकं माझ्या गॅलरीत पडायचं. भाडेकरूच्या!

त्यांच्या मुलाने विजेचा हीटर आणून दिला होता. मुलगा चांगला होता हो, उगाच कशाला नाव ठेवायचं. पण त्या हीटरने काकूंचा घसा सुकायचा, रात्रभर खोकला, आणि जुन्या वायरिंगमुळे दर दोन दिवसांनी घर अंधारात. मग मुलगा म्हणाला, आता पुरे. विश्रांतवाडीला आमच्याकडे चला, आठव्या मजल्यावर, दिवसभर ऊन. ह्या दोन खोल्या बंद करून टाकू.

"तिथे ऊन आहे गं," काकू मला म्हणाल्या होत्या. "पण मी उन्हाशी बोलू का? सगळे सकाळी कामाला जातात ते अंधार पडल्यावर येतात. इथे मी दारात नुसती बसले तरी चार माणसं विचारतात, कशा आहात. लग्न होऊन आले ती ह्या घरात. मला इथून जायचं नाही." असं म्हणून त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि लगेच मला दटावलं, "ह्यांना सांगू नकोस. उगाच मोजत बसतील."

पण काकांना ते सांगावं लागलंच नव्हतं. त्यांनी मुलाला सांगितलं, "आईसाठी मी ऊन घरात आणतो."

"बाबा, हा हट्ट आहे."

"हट्ट नाही. प्रयोग."

"फरक काय?"

"प्रयोग हरू शकतो. हरला तर मी मान्य करतो. संक्रांतीला संध्याकाळी ये. आईची खोली गार लागली तर आम्ही सामान बांधतो."

हे सगळं मला नंतर कळलं. कळल्यावर मी माझी गॅलरी दिली. निमूटपणे नाही दिली, चार गोष्टी ऐकवून दिली. पण दिली.

खोक्याची कल्पना साधी होती. काकांनी ती मला जेवणाच्या ताटाच्या पाठीवर खडूने काढून दाखवली. लाकडी खोकं, तोंडाला काच. आत पत्र्याच्या काळ्या नळ्या, उभ्या, एकीला एक लागून. काचेतून ऊन आत शिरतं, नळ्या तापतात, नळ्यांतली हवा तापून वर चढते. वरच्या तोंडाशी एक छोटा पंखा आणि पाइप. पाइप माझ्या खोलीतून, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत वर जो झरोका होता त्यातून, काकूंच्या खोलीत. खालच्या पाइपातून तिथली गार हवा परत खोक्यात. वीज लागणार ती पंख्यापुरती. आणि नवीन काहीही विकत आणायचं नाही, हा काकांचा नियम. "नवीन वस्तूला अनुभव नसतो," ते म्हणायचे.

काच मिळाली एका पाडलेल्या घराच्या खिडकीची. खोकं झालं मोडक्या कपाटाचं. पंखा एका मेलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातून काढला. पाइप कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या जुन्या चिमणीचा, तो मी स्वतः राख आणि साबणाने घासला, त्यातून निघालेलं तेल आठवलं तरी आजही जेवण जात नाही. नळ्यांना काळा रंग लावला तो फळ्याचा. तंत्रनिकेतनातून निवृत्त होताना काकांनी शाल-श्रीफळ घेतलं नव्हतं, फळ्याच्या रंगाचा उरलेला डबा मागून घेतला होता. इतकी वर्षं तो माळ्यावर वाट बघत होता.

राहिल्या नळ्या. नळ्या करायच्या होत्या थंड पेयांच्या रिकाम्या डब्यांच्या, बूड आणि झाकण कापून, एकावर एक चिकटवून. डबे लागणार पुष्कळ. ते कुठे मिळतील? सदाशिव पेठेत जिथे मुलं खोल्या घेऊन राहतात तिथे. आता ती मुलं काय फक्त लिंबू सरबत पितात का? काका सकाळी सातला स्वच्छ शर्ट घालून, कापडी पिशवी घेऊन त्यांच्या दारात हजर. पहिल्या दिवशी मुलांची पळापळ झाली म्हणे. कोणी डबे गादीखाली सारले, कोणी पायाने चेपले. त्यावर काका कळवळून ओरडले, "अहो, चेपू नका! प्यायचं ते प्या, पण डबा सरळ ठेवा!"

पंधरवडाभर काका बिअरच्या डब्यांची खुळखुळणारी पिशवी घेऊन लक्ष्मी रोडवरून ताठ मानेने घरी येत होते. पेठेत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? काकूंच्या भजनी मंडळातल्या बाईंनी काळजीच्या सुरात विचारलंच, "हे अलीकडे घेतात का हो?" काकू शांतपणे म्हणाल्या, "पितात ती पोरं. हे नुसते जमवतात. उलट असतं तर बरं झालं असतं, घर तरी मोकळं राहिलं असतं."

खोक्याच्या पाठीला ऊब धरून ठेवायला काहीतरी लोकरी भरायचं होतं. काकांनी ट्रंक उघडली आणि काकूंनी विणलेले सगळे जुने स्वेटर बाहेर काढले. मुलाच्या बालवाडीपासूनचे. मी म्हटलं, "काका, काकू जीव घेतील." ते म्हणाले, "विचारलंय." काकू पलंगावर बसून एकेक स्वेटर मांडीवर घेत होत्या, वाकड्या बोटांनी चाचपत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. एक निळा त्यांनी ठेवून घेतला. बाकीचे देताना म्हणाल्या, "नीट दाबून भरा हो. वीण उसवू देऊ नका." भरताना काकांनी प्रत्येक स्वेटरची घडी घातली.

खोकं पहिल्यांदा चालू झालं ती दुपार मी रजा घेऊन बघितली. झरोक्यातल्या पाइपाच्या तोंडाशी काकांनी आपला थर्मामीटर धरला, चष्मा वर केला, आकडा वाचला आणि मुद्दाम कोणालाच सांगितला नाही. "तूच बघ," ते काकूंना म्हणाले. पाइप त्यांच्या डोक्यावरच होता. काकूंनी दोन्ही हात वर धरले. गरम, कोरडी, फळ्याच्या रंगाचा किंचित वास असलेली हवा. त्या तशाच हात वर करून बसून राहिल्या. मग बोटं हलवून बघितली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "चालतंय की!"

काका म्हणाले, "चालणारच." त्यांच्या तोंडी 'बहुतेक' हा शब्द मी कधी ऐकला नाही.

माझे कपडे कुठे वाळवायचे, हा प्रश्न काकांनी त्याच आठवड्यात सोडवला. पाइपाला माझ्या खोलीत एक झडप बसवली. ती उघडली की माझ्या दोरीवर गरम हवा. महिनाभर मी लॅबमध्ये फळ्यासारखा वास मारत होते, पण कपडे कडक वाळायचे.

म्हणजे सगळं छान झालं, नाही का? कुठलं छान! दुपारी खोली उबदार असायची. चार वाजता तर काकू शाल काढून ठेवायच्या. पण काका संध्याकाळचा फेरफटका मारून सातला परत यायचे आणि खिशातून थर्मामीटर काढायचे, तर खोली पुन्हा गारच्या गार. दिवसभराची कमाई गायब! आणि थंडी तर खरी तिथून पुढे. काकूंची बोटं सकाळी पुन्हा मिटलेली. इकडे डिसेंबर सरत आला होता.

काकांनी पहिल्यांदा माझ्यावर संशय घेतला. मी झडप उघडी ठेवते म्हणून. मी भांडले. मग काचेवर, मग पंख्यावर, मग दारांच्या फटींवर. फट शोधायला त्यांनी उदबत्ती पेटवली. जिथे धूर वाकेल तिथे गळती. भर दुपारी काका हातात उदबत्ती घेऊन घराच्या प्रत्येक कोपऱ्यात, दाराच्या चौकटीला, खिडकीच्या कडेला ओवाळल्यासारखे हिंडत होते. ज्या माणसाने आयुष्यात देवासमोर हात जोडले नाहीत तो! काकूंनी मला खुणेने बोलावलं आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "देवाला दया आली बघ. शेवटी वळले." खरं काय ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "हो ना काकू."

गळती मात्र सापडेना. "कुठेही नाही," काका म्हणाले. "मी मोजलंय."

"मग ऊब जाते कुठे?"

"तेच तर."

त्या माणसाला मी त्या आठवड्यात पहिल्यांदा खांदे पाडून बसलेलं पाहिलं. मुलाचा फोन येऊन गेला होता. आईचे स्वेटर, शाली, औषधं आधी न्यावीत का, असं तो विचारत होता. काकांनी फोन ठेवला आणि माळ्याकडे बघत बसले. त्यांना तसं बघून मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

नाताळाच्या सुट्टीनंतर एक दिवस मला कणकण आली, म्हणून मी दुपारीच घरी आले. झोपले. जाग आली तेव्हा बाहेर उजेड मावळत होता. काकूंनी चहाला बोलावलं होतं म्हणून त्यांच्याकडे गेले. खोली मस्त उबदार होती. काका नेहमीप्रमाणे फिरायला गेले होते. काकू हळूहळू उठल्या, भिंतीला धरून देवापाशी गेल्या, दिवा लावला. मग पुढच्या खोलीत गेल्या, जिन्याकडच्या दाराचा अडसर काढला आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. मग रस्त्याकडची खिडकी. जिन्यातला गार वारा सरळ आत आला आणि पार झोपायच्या खोलीपर्यंत गेला. काकूंनी दारापाशी स्टूल ओढलं, शाल घट्ट लपेटली आणि स्तोत्रं म्हणत बसल्या.

मी बघतच राहिले. तिन्हीसांजेला दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी येते. आमच्या घरी आई हेच करते. प्रत्येक घरी करतात. चांगला अंधार पडेपर्यंत काकू तशा बसल्या होत्या आणि माझ्या गॅलरीतलं चार तासांचं ऊन त्यांच्या शेजारून जिना उतरून चाललं होतं. काका परत यायच्या आत दार बंद. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या आईनेही जन्मभर तेच केलं होतं. पण दार उघडणं त्यांच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. ती तिन्हीसांज होती, तिला कोण दार म्हणणार?

काका परतताना मी त्यांना खाली फाटकातच गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस आनंदाने उडी मारेल. त्यांनी खिशातून थर्मामीटर काढला आणि न बघताच परत ठेवला.

"तुम्ही तिला काही बोललात?"

"नाही अजून."

"बोलू नका."

"अहो काका! संक्रांत तोंडावर आलीय. एक वाक्य बोलायचंय फक्त. दार थोडं उशिरा उघडा, नाहीतर उघडूच नका. त्या ऐकतील."

"लगेच ऐकेल," काका म्हणाले. "तेच नकोय मला."

"म्हणजे?"

"अमरावती, तिचं सगळं बंद होत आलंय. विणणं बंद झालं. भाकरी थापणं बंद झालं. जिना उतरणं बंद झालं. दिवसभरात ती स्वतः उठून एक गोष्ट उघडते. ती मी बंद करायला सांगू?" मग घसा खाकरून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चूक खोक्याची आहे. खोकं हवा तापवतं. हवा दारातून जाते. जी दारातून जाणार नाही अशी वस्तू तापवायला हवी."

"अशी कुठली वस्तू?"

काकांनी फाटकाशेजारच्या नळाखाली बोट दाखवलं. तिथे कोणीतरी टाकून दिलेला पाटा पडला होता. वाटणाचा. काळा, जड, मधे झिजलेला.

पुण्यात मिक्सर घरोघरी आले आणि पाटे घरोघरी रस्त्यावर आले. जड म्हणून कचऱ्याची गाडी घेत नाही, देवासारखे म्हणून लोक फोडत नाहीत. झाडाखाली, जिन्याखाली, गच्चीच्या कोपऱ्यात पडून असतात. दुसऱ्या दिवसापासून काका स्कूटर घेऊन दारोदार. "तुमच्याकडे नको असलेला पाटा आहे का?" "आहे. कशाला हवाय?" "तापवायचाय." पुढचं कोणी विचारलं नाही. पेठेत लोक वेड्याला अडवत नाहीत, वाट देतात. आणि काका मात्र प्रत्येक ठिकाणी विचारून घेत, ह्याचं माहेर कुठलं? कुठला पाटा वाईच्या आजीबरोबर आलेला, कुठला साताऱ्याहून बैलगाडीत. स्कूटर मागून ढकलायला मी. मी लॅबच्या पिशवीत वरवंटे वाहिले आहेत, सांगून कोणाला खरं वाटत नाही.

काकूंचा पलंग म्हणजे खाली बंद पेटी असलेला दिवाण होता. काकांनी आतल्या गाद्या-गोधड्या काढल्या आणि पाटे उभे रचले, मधे बोटभर जागा सोडून. झरोक्यातून येणारा पाइप खाली वळवून पेटीच्या एका टोकाला लावला, दुसऱ्या टोकाने हवा परत. आता ऊन दुपारभर दगडांत मुरणार. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. "एवढं वजन? आमच्या डोक्यावर पडलं तर?" काका म्हणाले, "आपल्या घरी पुस्तकांची चार कपाटं आहेत. ती आपण वाचत नाही, मी काही बोललो का?" ते परत गेले. काकूंनी मात्र सगळं बघून एवढंच विचारलं, "हे काय आता?" काका म्हणाले, "प्रयोग." काकू "बरं" म्हणाल्या.

पहिल्या दिवशी दगड ढिम्म. दुसऱ्या दिवशी कोमट. चौथ्या दिवशी संध्याकाळी काका फिरून आले, खोली नेहमीसारखी गार होती, त्यांनी गादीखाली हात घातला आणि मला मोठ्याने हाक मारली. "अमरावती! हात घाला!" मी घातला. तव्यावरून भाकरी काढून टोपल्यात झाकून ठेवावी आणि घटकाभराने हात लावावा, तशी ऊब. ती पहाटेपर्यंत टिकली. सकाळी काकूंनी कप त्याच्या कानाला धरून, एका हाताने उचलला. मी तिथेच होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

संक्रांतीला संध्याकाळी मुलगा आला. दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन आला, म्हणजे निकाल त्याने आधीच लावला होता. काका त्या दिवशी पहिल्यांदाच फिरायला गेले नाहीत. गूळपोळी खाताना मुलाने खोलीभर नजर फिरवली, पाइप बघितला, कपाळाला हात लावला. "बाबा, हे सगळं ठीक आहे. पण आता थंडी वाजायला लागलीय, खरं सांगा." तेवढ्यात काकू उठल्या. देवापाशी दिवा लावला. पुढच्या खोलीत गेल्या, अडसर काढला. जिन्यातला वारा आला. मी काकांकडे बघितलं. ते दाराकडे बघत होते.

"आई, दार कशाला..." मुलगा म्हणाला आणि दिवाणावर टेकला. मग त्याने गादीवर हात ठेवला. हात उचलून पुन्हा ठेवला. "पाच मिनिटं पाठ टेकतो," तो म्हणाला. "दोन तास ट्रॅफिकमध्ये होतो." पाय तसेच खाली लोंबत राहिले, मोबाइल छातीवर, आणि वारा अंगावरून जात असताना तो माणूस लहान पोरासारखा गाढ झोपला. थोड्या वेळाने चक्क घोरायला लागला.

मी त्याला हलवायला गेले तर काका म्हणाले, "उठवू नका. निकाल लागतोय."

काकू आत डोकावल्या. लेकाकडे बघितलं, मग बॅगांकडे. "चांगल्या आहेत हो बॅगा," त्या काकांना म्हणाल्या. "माळ्यावर टाका. तुमच्या कुठल्यातरी प्रयोगाला होतील."

पण काकांचं लक्ष अजून दारातच होतं. ते उठून पुढच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. दाराची एकच फळी उघडी होती. दुसरीची खालची कडी घातलेली होती.

"आज एकच फळी उघडलीस?"

"आज नाही," काकू स्टुलावर बसत म्हणाल्या. "पाटे आणलेत त्या दिवसापासून. तुम्ही फिरायला जाता, तुम्हाला काय माहीत?"

"पण का?"

"का म्हणजे? ह्या वयात दारोदार हिंडून पलंगाखाली डोंगर आणून ठेवलात, आणि मला म्हणे प्रयोग. मला कळत नाही होय? दार लाव म्हणाला असतात तर एका शब्दात झालं असतं. तो शब्द नाही काढलात तुम्ही." काकूंनी शाल सारखी केली. "आणि लक्ष्मी काही एवढी जाड नाही. एका फळीतून येते."

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग त्या अर्ध्या उघड्या दाराकडे बघत म्हणाले, "मोजून बघायला हवं."